बोंडअळी आमच्या ओट्यावर

फजिती सांगते, हसा खुशाल. पण माघार मी तेव्हा घेतली नाही आणि आजही घेणार नाही.

बोंडअळीचं वर्ष होतं. आमच्यासकट सगळ्यांचा कापूस पोखरलेला. आणि घाटंजीचे तालुका कृषी अधिकारी साहेब म्हणतात, "तुमच्या गावात अळी तुरळक आहे, पंचनामा होणार नाही." पंचनामा नाही म्हणजे भरपाई नाही. माझं डोकंच फिरलं. नुकतीच कॉम्प्युटर शिकून घरी आले होते ना!

ठरवलं, कोड लिहून गावाच्या नकाशावर षटकोनांची जाळी टाकायची. शेतकऱ्यांनी किडक्या बोंडाचा फोटो पाठवायचा, फोटोसोबत जागा आपोआप येणार, आणि जिथे अळी जास्त तो षटकोन लाल होणार.

"चौकोन काहून नाही?" बाबांनी विचारलं.

"मधमाशी येडी हाये का, बाबा?"

फोटो धडाधड आले. मी ऐटीत घाटंजीच्या कचेरीत साहेबांपुढे लॅपटॉप उघडला. "नकाशा घरून काढून आणला तर म्हणाल, रंगवून आणला. तुमच्यासमोरच काढते."

बटण दाबलं. सगळं गाव पांढरं, मधोमध एकच षटकोन लालभडक.

"हे कोणाचं शेत?" साहेबांनी विचारलं.

इथे तरी गप्प बसावं की नाही? पण मी कसली बसते! "कोणाचंही असो. आत्ताच्या आत्ता चला."

साहेब खरंच निघाले. जीपमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन मीच रस्ता सांगत होते. डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या, थांबा. थांबलो ते आमच्या दारात.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. वावरात रेंज कुठे असते? ती काय ती आमच्या ओट्यावर. अख्खं गाव बोंडं तोडून आमच्या ओट्यावर आणायचं, तिथेच फोटो काढून पाठवायचं. वरून त्यांना चहा मीच पाजत होते!

"अळी कुठे आहे?" साहेब म्हणाले.

आईने खराट्याने कोपऱ्यातला बोंडांचा ढीग दाखवला. "हे काय, भिंतीवर चढून राह्यली."

"बघा, नकाशा बरोबरच आहे," मी म्हटलं.

साहेब हसून जीपकडे वळले. पण तोवर लोक जमले होते. "आलेच हा त वावर पाहूनच जा, साहेब." कोणी सोडेचना. संध्याकाळपर्यंत एकेका वावराचा पंचनामा झाला.

शेवटी आमचं वावर राहिलं. साहेबांनी कागद पिशवीत घातले. "तुमचा षटकोन तर सगळ्यात आधी तपासला, ताई."

मी तावातावाने भांडत राहिले, जीप निघूनही गेली. बाबा शांतपणे म्हणाले, "आता ओट्यावरच वेचणी कर मंग."