धर्माचा रकाना

फौजेच्या भरतीत कारकुनानं मान खाली घालूनच विचारलं होतं, "मजहब?" मी म्हणालो, "बौद्ध." तेव्हा कुठे त्यानं वर पाहिलं, माझा चेहरा निरखला आणि म्हणाला, "तू तो पहाडी नहीं दिखता." त्याच्या लेखी बौद्ध म्हणजे बर्फातले लोक. नागपुरात आमच्या वस्तीत घरोघर बौद्ध आहेत, मी लहान असताना लाखो माणसांनी इथे एका मैदानावर दीक्षा घेतली, हे त्या भल्या गृहस्थाच्या गावीही नव्हतं. त्यानं रकान्यात 'हिंदू' लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मागे शंभरेक पोरं उघड्या अंगानं ताटकळत होती. वाद घातला तर नोकरी जाईल, या भीतीनं मी सही ठोकली. अठरा वर्षांचा होतो हे खरं, पण सही माझीच होती आणि तिचा राग मला आजही येतो.

पलटणीत दर रविवारी सकाळी मंदिर परेड असायची. बूट काढायचे, रांगेत बसायचं, भजन ऐकायचं, आरतीला उभं राहायचं, प्रसाद घ्यायचा. सात वर्षं मी हे केलं. पंजाबात केलं, आसामात केलं, बदली होऊन घराजवळ कामठीला आलो तर तिथेही केलं. मागच्या रांगेत उभा राहायचो आणि हुकूम आहे म्हणून हात जोडायचो. कुणाच्या देवाशी माझं भांडण नव्हतं, आजही नाही. ज्याचा देव त्यानं खुशाल पुजावा. पण दीक्षा घेतल्यावर माझ्या वडिलांनी घरातले देव टोपलीत भरून कन्हान नदीत सोडले होते, आणि त्याच वडिलांना मी सात वर्षं सांगत होतो की आम्हाला रविवारी सुटी असते.

कामठीला नवे सुभेदार आले. माणूस कामाचा, पण भारी हौशी. त्यांनी नवीनच टूम काढली. दर रविवारी एका जवानानं कपाळाला टिळा लावून सगळ्या कंपनीच्या वतीनं आरती ओवाळायची. नावांची यादी भिंतीवर लागली. चौथ्या रविवारी माझी पाळी होती.

त्या रविवारी माझं नाव पुकारलं आणि मी जागचा हललो नाही. मागे गुपचूप उभं राहणं निराळं आणि पुढे होऊन दुसऱ्याच्या श्रद्धेचं सोंग आणणं निराळं. अहो, त्यात त्या देवाचाही अपमानच की! मी म्हणालो, "साब, मैं बौद्ध हूँ. खडा रहूँगा, आरती नहीं करूँगा." देवळातले पंडितजी सज्जन होते. त्यांनी लगेच ताटाला हात घातला, "मैं कर देता हूँ" म्हणाले. पण सुभेदारांनी त्यांना अडवलं आणि माझ्यावर ओरडले, "कागज पे हिंदू और आरती के टाइम बौद्ध?" कंपनी खो खो हसली. ज्यांच्याबरोबर मी एका ताटात जेवलो होतो तेही हसले. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

हुकूम मोडला म्हणून कंपनीच्या साहेबांपुढे पेशी झाली. बाहीवरची फीत जाणार, शिक्षा होणार, हे उघड होतं. साहेब दक्षिणेकडचे, शांत बोलणारे. त्यांनी ऐकून घेतलं आणि हिंदीत विचारलं, "दीक्षेचा दाखला आहे?"

कसला दाखला घेऊन बसलात! लाखो माणसं उन्हात उभी राहून धर्म स्वीकारत होती, तिथे टेबल मांडून पावत्या कोण फाडत बसलं होतं? आणि बाकी कंपनीत कुणाकडे हिंदू असल्याचा दाखला होता? एकाला तरी विचारलंत? हे सगळं मनात. तोंडानं एवढंच म्हणालो, "नहीं, साब." ते म्हणाले, "मग वडिलांना घेऊन ये. त्यांचा जबाब घेतो."

बाबा कापडाच्या मिलमध्ये साच्यावर होते. मी शनिवारी घरी जाऊन त्यांना सांगितलं, "साक्षीला यायचंय." सहीचं सांगायची माझी छाती झाली नाही. सोमवारी ते खाडा करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून बसनं आले. ऑफिसात शिरताच सुभेदारांनी माझा भरतीचा कागद त्यांच्यासमोर धरला. "हिंदू लिखा है. नीचे आपके बेटे के दस्तखत हैं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या भिंतीकडे पाहत राहिलो.

बाबांना हिंदी फर्डी येत होती, मिलमध्ये निम्मे कामगार हिंदीच बोलायचे. पण त्या दिवशी ते मराठीतच बोलले. "सायबाले सांग, हा पोरगा भेला. पोटासाठी भेला. भेलेल्या माणसाच्या सहीवरून त्याचा धर्म ठरवून राहिले काय तुमी?"

साहेबांना मराठी कळेना. दुभाषा मीच. सावधान उभा राहून माझाच भित्रेपणा मी माझ्या तोंडानं साहेबांना हिंदीत समजावून सांगितला.

साहेबांनी आरोप काढून टाकला. रकाना दुरुस्त करा म्हणाले, आणि रविवारी परेडऐवजी बराकीत तुझी प्रार्थना कर म्हणाले. मी बाबांना फाटकापर्यंत पोचवायला गेलो. बस आली. पायरीवर चढताना त्यांनी विचारलं, "भेला ते ठीक हाय. पण मले काहून नाही सांगतलं गा?" तेवढ्यात बस गेली.

पुढच्या रविवारी सगळी कंपनी मंदिराकडे गेली. मी खाटेसमोर सतरंजी टाकली. इतक्यात दोघं जण आत आले, एक भंडाऱ्याकडचा, एक कुहीचा. दोघंही आमच्यातलेच, दोघांच्याही कागदावर तेच लिहिलेलं. कंपनीच्या कारकुनाकडे रकाना बदलायचा अर्ज देऊनच आलो म्हणाले. आम्ही तिघं मांडी घालून बसलो, हात जोडले आणि बुद्धवंदना सुरू केली.

तिसऱ्या ओळीला भंडाऱ्याचा थांबला. नऊ वर्षांची नोकरी झालेला, मिशा राखलेला गडी. हळूच म्हणाला, "भाऊ, मले समोरचं आठवून नाही राहिलं. तू म्हण."

मी तोंड उघडलं. मला तरी कुठून आठवणार? सात वर्षं सुटीत घरी आलो की काहीतरी निमित्त काढून मी विहारात जाणं टाळत होतो. कोणत्या तोंडानं जाणार होतो? समोरच्या देवळातली आरती मात्र मला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत पाठ होती.