अथेन्सचा चामडेवाला आणि मी

"चामडं कमावणाऱ्याच्या हाती सभा गेली आणि अथेन्स बुडालं," अध्यक्ष म्हणाले आणि थेट माझ्याकडे बघून हसले.

पुढची रांगही हसली. मी मागे उभा, हातात माईक. इथे आखातात, कुरुमच्या हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाची वार्षिक सभा होती. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, रुसैलच्या कारखान्यांच्या वसाहतीतून बसने येऊन खुर्च्या मांडायच्या, स्पीकर जोडायचे, हे काम आम्हा कामगारांचं. कमिटीवर मात्र कायम साहेब लोक, तेही बिनविरोध. यंदा रुसैलच्या पोरांनी मला सेक्रेटरीपदाला उभं केलं होतं. आमच्यातला कुणी आजारी पडला तर मंडळातलं कुत्रंही फिरकत नाही. हे कमिटीत बसून बोलणारं कुणीतरी हवं होतं.

म्हणून मतदानाआधी अध्यक्षसाहेबांचं हे भाषण. ग्रीसची प्राचीन लोकशाही. तिथे म्हणे सभेत पुकारा व्हायचा, कोणाला बोलायचंय? कुणीही नागरिक उठायचा. खानदानी पुढारी होते तोवर ठीक चाललं. मग चामड्याच्या धंद्यातला एक आला, त्यानं आरडाओरडा करून लोकांना भडकवलं. त्यानं नेमकं काय केलं ते साहेबांनी थोडक्यात सांगितलं. त्याच्या अंगाला वास कसा यायचा, ते मात्र रंगवून सांगितलं.

माझा बाप गावी चपला शिवायचा. साहेबांना ते ठाऊक होतं. पहिल्याच भेटीत त्यांनी माझं आडनाव, गाव आणि गावातली आळीसुद्धा विचारून घेतली होती.

चहाच्या वेळी त्यांनी मला बाजूला बोलावलं. "नाव मागे घे. खुर्च्या छान मांडतोस, तेवढंच कर."

शाळेत गुरुजीही बापाच्या धंद्यावरून असेच हसले होते, तेव्हा मी मान खाली घातली होती. तेव्हा लहान होतो.

सभा पुन्हा बसली. कुणी नाव मागे घेतंय का, साहेबांनी विचारलं आणि माईकसाठी हात पुढे केला. मी पुढे गेलो. माईक दिला नाही.

"साहेब, तिथे विचारायचे, कोणाला बोलायचंय, असं तुम्हीच सांगितलंत. मला बोलायचंय. माझा बाप चपला शिवायचा. मी नाव मागे घेत नाही."

कुणी हसलं नाही. टाळीही वाजली नाही.

हात वर करून मतदान झालं. मी पडलो. रुसैलच्याही काही पोरांचे हात वर गेले नाहीत. त्यांची नोकरी साहेबांच्याच कंपनीत आहे, मी त्यांना बोल लावत नाही. पण पुढच्या वर्षी मी पुन्हा उभा राहणार. तेव्हाही पडलो तर त्याच्या पुढच्या वर्षी. आणि दर वेळी बापाचा धंदा मीच आधी सांगणार. तो सांगून हसायला मी त्यांना जागाच ठेवणार नाही.