पट्टा धरणारा हात

सिंदी मेघेच्या ज्योत्स्ना तेलरांधे चिनी मातीच्या बश्यांवर चित्रं काढतात. वय बावन्न. हात बसला तो पोरांच्या तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल रंगवून. वडिलांचा तोच धंदा होता. बश्या नंतर आल्या, अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये विजेची भट्टीही नंतरच आली.

यंदा एका जुन्या संस्थानाच्या वारसांनी राहत्या महालाचं हॉटेल केलं. जेवणघराच्या भिंतीवर राजेसाहेबांच्या लाडक्या कुत्र्यांची चित्रं असलेल्या सहा बश्या हव्या होत्या. मॅनेजर भूपेंद्र जुने फोटो देऊन गेला. फोटोंच्या मागे शाईने कुत्र्याचं नाव, जन्मतारीख, आईबापांची नावं. प्रत्येक फोटोत कडेला पट्टा धरलेला एक हात. माणूस चौकटीबाहेर. त्याचं नाव कुठेच नाही.

ज्योत्स्नाबाईंनी कुत्रे रंगवले, हातही रंगवला. कुणाला विचारलं नाही. पोळ्याला बैलाला कुंकू लावलं की कासरा धरणाऱ्या गड्यालाही लावायचं, ही त्यांच्या माहेरची रीत.

बश्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाहताच भूपेंद्रचा फोन आला.

"मॅडम, ऑर्डर कुत्र्यांची होती. नोकर कशाला आणले?"

"फोटोत हाये ना थो."

"मालकांना नको. पुसून टाका. उद्या येतो."

पुसणं सोपं होतं, बश्या अजून भाजायच्या होत्या. भाजण्याआधी रंग टर्पेंटाइनच्या बोळ्याने निघतो. भाजल्यावर बशी फुटेल, रंग निघणार नाही.

नवरा प्रभाकरराव शेडच्या दारात उभे होते. "पुस ना व. येवढी मोठी ऑर्डर. धा मिनटाचं काम."

"अजी, फोटो काढताना थो कुत्रा पळाला काऊन नाई?"

"मले का मालूम? राजाचा कुत्रा, शिकेल असन."

"कोनी धरून होतं म्हनून."

"अवं, पन थो हात पायते कोन?"

"कोनी पायलाच नाई. म्हनून तं काढला."

त्यांनी सहाही बश्या भट्टीत मांडल्या, दार लावलं, बटण दाबलं. दुपारचे अडीच वाजले होते. काटा आठशे अंशांवर पोचला तेव्हा त्या ओसरीत तांदूळ निवडत होत्या.

दुसऱ्या दिवशी भूपेंद्रने बशी उचलली आणि चित्रातला हात अंगठ्याने घासून पाहिला.

"मी सांगितलं होतं तुम्हाला."

"आयकलं होतं मी."

"मग नवीन काढा. हाताशिवाय."

"हाताबिगर कुत्रा मी काढत नाई."

तो रिकाम्या हाताने गेला. बश्या बैठकीतल्या शोकेसमध्ये लागल्या.

महिन्याभराने त्याचाच फोन. हॉटेलने दुसरीकडून बश्या करून घेतल्या होत्या. त्यांत पट्टा ताठ वर जातो आणि हवेत संपतो. जेवायला येणारे बोट दाखवून हसतात.

"मॅडम, तुमच्या त्या बश्या आहेत अजून?"

"हायेत. पन मांगं नाव लिहिल्याबिगर देत नाई."

"लिहा की. तुमचंच ना?"

"पट्टा धरनाऱ्याचं. कुत्र्याच्या बापाचं नाव ठाऊक हाये तुमाले, त्याचंबी असन कोठीतल्या जुन्या कागदात. शोधून आनजा."

भूपेंद्र अजून आलेला नाही. सहाही बश्यांची मागची बाजू कोरी आहे.