शकुंतलाकाकूंनी निवडलेला ट्रक

पिकअप ट्रक बघायला गेलं की शकुंतलाकाकू आधी ड्रायव्हरचं दार उघडत आणि चष्मा सारखा करून चौकटीवरचा स्टिकर वाचत. माणसं-सामान धरून ट्रकवर किती भार टाकता येतो, ते तिथे लिहिलेलं असतं. रंग, सीट, स्क्रीन, सगळं नंतर.

काकू मूळच्या नागपूरच्या, पुलांची डिझाइन्स करणाऱ्या इंजिनिअर. रिटायर होऊन इथे अमेरिकेत, बॉथेलमध्ये आमच्या शेजारी राहत. काका गेल्यावरही ट्रकमागे ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं छोटं घरच, जोडून महिना महिना एकट्या फिरत. आम्ही ट्रेलर घ्यायचं ठरवलं, तेव्हा ट्रक निवडायला मी त्यांनाच नेलं.

मला एक निळा ट्रक फार आवडला होता. सेल्समन म्हणाला, "तुमचा ट्रेलर हा आरामात ओढेल."

"ओढेल रे," काकू मला मराठीत म्हणाल्या, "पण उतारावर सांभाळेल का? ट्रेलरचं तोंड ट्रकच्या पाठीवर टेकतं, तो भार धर. वर तुम्ही चौघं, कुत्रा, सामान. बसतंय का यात?"

बसत नव्हतं. आम्ही मोठा, जुना, पांढरा ट्रक घेतला. खरं सांगतो, मी हिरमुसलो होतो.

पहिल्या ट्रिपला काकू माझ्या शेजारी बसल्या. घाटाच्या उतारावर वाऱ्याचा झोत आला आणि मागचा ट्रेलर झोकांड्या खाऊ लागला. मुलं किंचाळली. माझा पाय ब्रेककडे गेला.

"ब्रेक नको! पाय उचल. स्टिअरिंग सरळ धर." बोलता बोलताच त्यांनी हात लांब करून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावणारी कळ दाबली. दोन हिसके बसले आणि ट्रेलर सरळ झाला. त्यांचा आवाज जराही चढला नव्हता.

पुढे थांबून चहा घेताना म्हणाल्या, "आमचा पहिला ट्रेलर असाच झोकांड्या खात उलटला. ट्रक छोटा, त्यात काकांनी ब्रेक दाबला. वाचलो. मग मी एकेक गोष्ट शिकून घेतली."

गेल्या वर्षी डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कुणी काही बोलायच्या आत काकूंनी स्वतःचा ट्रक आणि ट्रेलर विकायला काढला.

"अजून थोडं चालवता येईल की, काकू," मी म्हणालो.

"मला येईल. समोरून येणाऱ्याचं काय?"

दोन्ही एका तरुण नर्सने घेतले. काकू तिला आणि मला घराजवळच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये घेऊन गेल्या आणि तिला ट्रेलर रिव्हर्स कसा करायचा ते तासभर शिकवत राहिल्या. तिला जमलं, तेव्हा लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. मग खाली उतरल्या, मला म्हणाल्या, "चल, पायी जाऊ," आणि वळूनही न बघता घराकडे चालू लागल्या.