औषधाचं किती, रक्ताचं किती

डॉ. पद्मिनीबाई सोनकांबळे यांची आणि माझी पहिली भेट नांदेडच्या आमच्या महाविद्यालयात, प्राणिशास्त्र विभागाच्या एका अरुंद खोलीत झाली. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मला मार्गदर्शक हवा होता. बाईंच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्यांचे लाकडी खोके आणि अर्धवट सोललेले संत्रे होते. त्यांनी दोन फोडी माझ्यापुढे केल्या आणि विचारले, "पेशींवरच का काम करायचंय तुम्हाला?" विद्यार्थ्यांना त्या अहो-जाहो करतात, आजही करतात.

मी म्हणाले, "माझ्या आईला औषधानं मारलं, मॅडम. मला ते सिद्ध करायचंय."

आमच्या धर्माबाद भागात औषध म्हणजे पिकावर फवारायचे कीटकनाशक. आमची मिरचीची शेती आहे आणि मिरचीला फवारणी फार लागते. माझे वडील, दादा, पाठीवर पंप घेऊन पुढे चालत, आई पिंपात औषध कालवून त्यांना भरून देई. तिच्या हाताला दिवसभर तो वास असे. बेचाळिसाव्या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली आणि दीड वर्षात ती गेली. कारण काय, हे गावाने केव्हाच ठरवून टाकले होते, मीही ठरवले होते.

 बाई म्हणाल्या, "आई गेल्या त्याचं फार वाईट वाटतं. पण सिद्ध करायचंय असं म्हणून सुरुवात नका करू. शोधायचंय म्हणा. जमेल?"

मी मान हलवली. खरे तर ते मला जमणार नव्हते.

बाई आता साठ वर्षे पूर्ण करून सेवानिवृत्त होत आहेत. त्यांच्या संशोधनाचे मोल सांगणारे माझ्याहून अधिकारी लेखक या गौरवग्रंथात आहेत. एम.एस्सी. आणि पुढे पीएच.डी. मिळून मी त्यांच्या हाताखाली सात वर्षे काम केले, त्या काळात माझ्या घरावर जे गुदरले आणि बाईंनी जे केले, तेवढेच मांडते.

आमचे काम तसे साधे होते. फवारणी करणाऱ्या माणसांच्या गालाच्या आतून लाकडी काडीने हलकेच पेशी खरवडायच्या, काचेवर पसरायच्या, रंग देऊन पाहायच्या. हे लोकांना समजावून सांगणे मात्र साधे नव्हते. आमच्या गावचे गणपतमामा बारमाही मजुरीने फवारणी करत. पहिल्याच दिवशी त्यांनी काडीकडे संशयाने पाहिले.

"येच्यातून क्यान्सर कळतो का, म्याडम?"

"नाही कळत," बाई म्हणाल्या. "पेशीत एक मोठा ठिपका असतो. त्याला मार बसला की तुकडा पडतो आणि बाजूला बारका ठिपका दिसतो. किती पेशींना मार बसलाय, तेवढंच कळतं."

"अन् मार बसला आसंल तर?"

"मार थांबला की नव्या पेशी चांगल्या येतात. गालाची कातडी लवकर बदलते, मामा."

गणपतमामांनी आ वासला. काडी बाहेर आल्यावर म्हणाले, "इतके वर्षं फवारून राहिलो, माझ्या तोंडात काय हाय ते आजवर कोणी इचारलं न्हाई."

त्यानंतर पाऊस गेला. सलग दुसऱ्या वर्षी गेला. लातूरला पिण्याचे पाणी रेल्वेने आणावे लागले, ते हे दिवस. आमच्याकडे मिरची लावलीच नाही, पंप आढ्याला टांगून राहिले. मी बाईंना म्हणाले, आता काम बंद करावे लागेल. बाई म्हणाल्या, "उलट आताच जावं लागेल. सहा महिने कोणी फवारलेलं नाही. त्याच माणसांच्या पेशी आता बघू." जरा थांबून त्या पुढे म्हणाल्या, "लोकांच्या हालातून आपल्याला आकडे मिळणार, हे काही बरं वाटत नाही मला. पण न बघता बसणं त्याहून वाईट."

आम्ही गावात पोहोचलो तेव्हा टँकर नुकताच आला होता. बायकांची झुंबड उडाली होती, मिळेल त्या भांड्यात पाणी धरले जात होते. बाईंनी एकीच्या हातातला निळा कॅन पाहिला आणि विचारले, "कशाचा हो हा?"

"औषधाचा. तीनदा राखंनं घासलाय, म्याडम. आता वास बी येत न्हाई."

बाईंनी रांगेवरून नजर फिरवली. तसे बरेच कॅन होते. त्यांतले दोन आमच्या घरचे होते. मी या विषयात पदवी घेतलेली मुलगी, आणि त्या कॅनमधले पाणी सुट्टीत घरी आले की पीत होते. शरमेने माझी मान खाली गेली.

बाईंनी तिथे व्याख्यान दिले नाही. आठवड्याभराने त्या विद्यार्थ्यांना आणि जुन्या मित्रमैत्रिणींना घेऊन टेम्पोतून आल्या. टेम्पोत नव्या घागरी होत्या. एक कॅन द्या, एक घागर घ्या. घेतलेल्या प्रत्येक कॅनला बाई स्वतः लोखंडी सळईने भोके पाडत होत्या. माझी थोरली काकू कळवळून म्हणाली, "आवो, भांडं हाय ते! दुष्काळात भांडं फोडतेत का कुठं?"

बाईंनी सळई खाली ठेवली. "काकू, बहात्तरच्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. आई खडी फोडायला जायची आणि मी तुपाचा डबा घेऊन पाण्याच्या रांगेत. आमच्या रांगेला सगळ्यांत शेवटी पाणी मिळायचं. भांडं काय असतं ते ठाऊक आहे मला. पण हा कॅन तसाच दिला तर उद्या परत कोणीतरी त्यात पाणी भरणार."

शेवटी पाणी कोणाच्या रांगेला मिळे, हे काकूला सांगावे लागले नाही. आदल्याच भेटीत तिने बाईंचे आडनाव विचारून घेतले होते, आणि आम्हाला कपात चहा देऊन त्यांना काचेच्या पेल्यात दिला होता. बाईंनी तो निमूट पिऊन पेला स्वतः विसळून ठेवला होता. आता काकूने आपले दोन्ही कॅन आणून बाईंच्या पायाशी ठेवले.

परतीच्या बसमध्ये मी त्या पेल्याबद्दल क्षमा मागितली. बाईंनी तो विषय वाढू दिला नाही, दुसरीच गोष्ट सांगितली. त्यांचे गाव निलंगा तालुक्यातले. त्या बारावी झाल्या तेव्हा लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला हवा होता. जुन्या जिल्ह्याच्या कचेरीत म्हणत, तुम्ही आता लातूरचे, तिकडे जा. लातुरात म्हणत, दफ्तर अजून तिकडूनच आलेले नाही. वडिलांबरोबर चार खेपा झाल्या. चौथ्या खेपेला लातूरच्या कचेरीत जमिनीवर गठ्ठ्यांची रास दिसली. वडील म्हणाले, "चल पोरी, न्हाई व्हायचं हे." बाईंनी कारकुनाला विचारले, "मी सोडू का गठ्ठे? वाचता येतं मला." दिवसभर धूळ खात त्यांनी गठ्ठे सोडले, आणि दुपार कलताना आपल्या गावची वही शोधून काढली. "तेव्हापासून सवय लागली बघा," त्या हसून म्हणाल्या, "गठ्ठा सोडून बघायची."

त्या दुष्काळी महिन्यांतल्या काचपट्ट्यांनी जे दाखवले ते स्पष्ट होते. फवारणीच्या हंगामात गणपतमामांच्या आणि इतरांच्या गालात तुटक्या ठिपक्यांच्या पेशी जास्त होत्या, फवारणी थांबल्यावर त्या कमी झाल्या. मला आनंद आवरेना. बाईंनी मात्र आधी उणिवा लिहायला लावल्या. या काळात लोकांचे खाणे बदलले, पाणी बदलले, त्याचाही परिणाम असू शकतो. शिवाय पेशींना इजा होणे वेगळे आणि कर्करोग होणे वेगळे.

प्रत्येकाच्या घराण्यातल्या आजारांचाही तक्ता आम्ही भरत होतो. नमुना म्हणून मी माझ्या आईकडचा तक्ता भरून बाईंच्या टेबलावर ठेवला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बसायला सांगितले.

"देगलूरच्या मावशींना हाच आजार झाला?"

"हो. आईच्या आधी दोन वर्षं."

"त्या शेतात जायच्या?"

"नाही. कापडाचं दुकान होतं त्यांचं. शेतात कधीच नाही गेल्या."

"मामांची मुलगी?"

"ती शाळेत शिक्षिका आहे. छत्तिसाव्या वर्षी निघालं तिचं."

"आणि आजी कशानं गेल्या?"

"पोटात गाठ होती म्हणतात."

बाईंनी पेन्सिल बाजूला ठेवली. त्या काय सांगणार हे माझ्या ध्यानात आले आणि मी उसळले. "म्हणजे औषधाचा दोष नाही? मॅडम, तुम्हीसुद्धा कंपन्यांच्याच बाजूच्या?" जे तोंडाला आले ते बोलले आणि निघून गेले. पंधरा दिवस मी विभागात पाऊल टाकले नाही.

सोळाव्या दिवशी बाई वसतिगृहावर आल्या. दोन जिने चढून दम लागला होता. माझ्या खाटेवर बसत म्हणाल्या, "प्रबंधाचं मला काही पडलेलं नाही. तो राहिला तरी चालेल. तुम्ही सव्वीस वर्षांच्या आहात, तुमची बहीण बावीसची. पेशीतल्या डीएनएच्या धाग्याला रोज चिरा पडतात आणि शरीर त्या सांधत असतं. सांधणारं एक जनुक तुमच्या आजीपासून बिघडलेलं असावं, असा मला संशय आहे. माझं चुकलं तर मला आनंदच होईल. पण तपासून घ्या."

मी रडत विचारले, "मग आईनं तो वास उगीच सोसला?"

"असं नाही म्हणत मी. ज्यांची सांधायची ताकद मुळातच कमी, त्यांना विषाचा मार जास्त बसतो का, यावर आता जगभर काम चालू आहे. औषधाचं किती, रक्ताचं किती, ते तुमच्या आईच्या बाबतीत मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकत नाही. पण तुमच्या बाबतीत अजून करण्यासारखं बरंच आहे."

आम्हा दोघी बहिणींचे रक्त हैदराबादला गेले. धाकट्या मीराच्या अहवालात दोष नव्हता. माझ्या अहवालात होता. बाईंनी तो माझ्याबरोबर ओळ न् ओळ वाचला आणि त्याच दिवशी मला डॉक्टरांकडे नेले. दर सहा महिन्यांची तपासणी सुरू झाली.

याच सुमारास गावात वेगळाच गोंधळ उडाला. आईचा आजार घराण्यातला होता हे कळताच एका औषधविक्रेत्याने सांगायला सुरुवात केली की नांदेडच्या मॅडमनीच औषधाला निर्दोष ठरवले. बाई लगोलग गावात आल्या आणि शाळेत लोकांना जमवून म्हणाल्या, "मी असं म्हटलेलं नाही. एका घरात या आजाराचं मूळ रक्तात निघालं. पण फवारणीनं तुमच्या सगळ्यांच्या पेशींना इजा होते, ते मी स्वतः पाहिलंय." मागून कोणीतरी ओरडले, "मंग क्यान्सर औषधानंच होतो म्हना की! पेपरात द्या!" बाई म्हणाल्या, "तेही मी पाहिलेलं नाही. जे पाहिलं नाही ते तुम्हाला आवडेल म्हणून कसं सांगू?" विक्रेता नाराज झाला, ओरडणाराही नाराज झाला. गणपतमामा तेवढे उठून म्हणाले, "मला हातमोजे कुठं भेटतेत ते सांगा, बाई." त्या हंगामापासून आमच्या गावात तोंडाला फडके आणि हाताला मोजे आले. सगळ्यांच्या नाही, पण आले.

दोन वर्षांनी, चौथ्या तपासणीत, माझ्या छातीत हरभऱ्याच्या डाळीएवढी गाठ दिसली. हाताला लागली नसती इतकी बारीक. हैदराबादला शस्त्रक्रिया झाली. बाई रजा टाकून आल्या होत्या. बाहेर बाकावर दादा आणि त्या शेजारी शेजारी बसून होते. तिथे झालेले बोलणे मला दादांनी नंतर सांगितले.

दादा म्हणाले होते, "म्याडम, इतके वर्षं मी सोताला खात आलो. तिला औषध कालवायला मीच न्यायचो."

"आजाराचं मूळ त्यांच्यात जन्मापासूनच होतं, दादा. तो तुम्ही दिलेला नाही."

"अन् औषधानं भर घातली आसंल तर?"

"घातली असेल, नसेलही. मला माहीत नाही. पण तेव्हा तुम्हालाही माहीत नव्हतं, आणि ते तुम्हाला कोणी सांगितलंही नव्हतं."

हे सांगताना दादांचे डोळे भरून आले. "खोटं बोलून समजूत काढली आसती तर मी इसरून गेलो आसतो," ते म्हणाले. "खरं बोलल्या. तवा कुठं मला झोप लागली."

मी बरी झाले. प्रबंध पुरा केला, आता लातूरला शिकवते. बाईंनी माझ्यासारख्या किती घरांचे तक्ते वाचले आणि त्या किती जिने चढल्या, ते त्यांनी कधी कोणाला सांगितलेले नाही. या निमित्ताने ज्यांनी त्यांनी आपापले सांगावे, अशी माझी विनंती आहे.

गौरवलेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचे असते. ते मी मनापासून चिंतते, आणि त्यात माझा स्वार्थ आहे हे लपवत नाही. आईच्या माहेरच्या ज्या बायका या आजाराने गेल्या, त्यांच्यातल्या एकीनेही साठी पाहिली नाही. साठीचा सत्कार हा आमच्या घरात कोणाला माहीत असलेला समारंभ नव्हे. मी आज चौतीस वर्षांची आहे. आणखी सव्वीस वर्षांनी मला साठ पूर्ण होतील, तेव्हा बाईंना शहाऐंशी. त्या दिवशी माझ्या घरी पहिल्या पंगतीत त्यांनी बसावे आणि थोरल्या काकूच्या सुनांनी त्यांना आग्रहाने वाढावे, एवढे आयुष्य आणि एवढी प्रकृती त्यांना लाभो. बाई, तारीख आतापासून लिहून ठेवा. मी असणार आहे.