हसऱ्या बाटलीचे साडेसात रुपये

१६ डिसेंबर १९५९, बुधवार. सारंगखेड्याची यात्रा. रक्कम साडेसात रुपये. हजर मंडळी चार: मी, माझी पत्नी, तिचा भाऊ आणि पैसे घेणारा वैद्य. पाचवी मेहुण्याची घोडी, पण तिला या व्यवहारात मत नव्हते.

वैद्याच्या चादरीवर बाटल्यांच्या दोन रांगा होत्या. बाटलीच्या लेबलावर पगडी घातलेला एक माणूस सगळे दात दाखवून हसत होता. ब्राह्मी, शंखपुष्पी आणि आणखी एकवीस वनस्पती. स्मरण वाढते, बुद्धी तरतरीत होते, मन उल्हसित राहते, असे वैद्याने सांगितले. मी एकवीस वनस्पतींची नावे विचारली. त्याने चौदा सांगितली आणि पाणी प्यायला.

"मन्ही घोडी याच औषधवर तीन दिनमा नाचाले लागनी," मेहुणा म्हणाला. "तुमी ते माणूस शेतस, दाजी."

"घोडीला मात्रा किती?" मी वैद्याला विचारले.

"घोडीला अर्धी बाटली, माणसाला दोन चमचे. उदास माणूस असेल तर तीन."

पत्नीने माझ्याकडे पाहिले आणि पदराची गाठ सोडली.

मी औषधाच्या नादी लागणारा माणूस नाही. पण त्या वेळी माझी नोकरी या बाटलीवर येऊन ठेपली होती. नंदुरबारच्या एका मिरचीच्या आडतीत मी अठरा वर्षे मुनीम होतो. पगार पंच्याऐंशी रुपये. आठ वर्षांपासून शेठच्या वतीने हात द्यायचे कामही माझ्याकडे होते. आमच्याकडे तेव्हा भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि विकणारा उपरण्याखाली हात घालीत आणि बोटे दाबून ठरवीत. पहिल्या वेळी जितकी बोटे धरली तितके दहा, दुसऱ्या वेळी जितकी धरली तितके सुटे रुपये. आजूबाजूला वीस माणसे उभी असली तरी भाव फक्त दोन हातांना ठाऊक. एकदा दिलेला हात फिरवायचा नाही, एवढाच काय तो कायदा.

त्या वर्षी दिवाळीनंतर मला काहीतरी झाले. काय, ते सांगता येत नव्हते. ताप नव्हता, घरात कोणी आजारी नव्हते, बेरजा बरोबर येत होत्या. पण बेरीज बरोबर आली तरी बरे वाटत नव्हते, आणि हे मला आजवर कधी झाले नव्हते. जेवण समोर आले की जेवायचो. कोणी विनोद केला तर तो संपेपर्यंत थांबायचो.

एक दिवस शेठने मला गादीजवळ बोलावले. "तुन्हा हात मरेल माणूसना सारखा लागस," तो म्हणाला. "उपरणाखाल धरा का शेतकरीले वाटस, भाव पडना. गाड्या दुसरी आडतमा जाई ऱ्हायन्यात. होळीपावत सुधर, नहीतर गोदाममा बस."

गोदामात बसणे म्हणजे पोती मोजणे आणि पगारातून वीस रुपये कमी. म्हणून बाटली.

घरी आल्यावर मी बाटलीला कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर अठ्ठेचाळीस खुणा केल्या. रोज सकाळी दोन चमचे. औषधाचा उपयोग होतो की नाही हे कळावे म्हणून वहीत एक रकाना आखला: दिवसातून किती वेळा हसलो. पहिल्या दिवशी शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशी एक, पण तेव्हा शेजाऱ्याची म्हैस आमच्या ओट्यावर चढली होती, म्हणून ते धरले नाही.

"आज कितला दाव हासनात?" पत्नी संध्याकाळी विचारी.

मी वही उघडी.

"वहीमा देखीसन सांगतस का?" असे म्हणून ती मात्र मोकळी हसे. तिचे हसणे मी वेगळे लिहिले असते तर रकाना लवकर भरला असता.

औषध गोड होते, घशातून उतरताना किंचित जळायचे आणि पोटात गेल्यावर ऊब यायची. वैद्याच्या सल्ल्याप्रमाणे मी उदास माणूस होतो, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून तीन चमचे घेऊ लागलो. आकडा चारवर गेला, मग सातवर. जानेवारीत एका बाजाराच्या दिवशी थंडी फार होती. माझ्यासाठी हा महत्त्वाचा दिवस होता, कारण शेठ स्वतः पथारीवर, म्हणजे मिरची वाळत पसरतात त्या मैदानावर, येणार होता. त्या सकाळी मी पाच चमचे घेतले. हे मी वहीत लिहिले आहे, लपवलेले नाही.

पथारीवर गेलो तर सगळी लाल मिरची मला सुंदर दिसली. अठरा वर्षांत ती मला कधी सुंदर दिसली नव्हती. दिसली होती ती ओली किंवा कोरडी. धडगावकडून एक म्हातारा पावरा आदिवासी शेतकरी घाट उतरून गाडी घेऊन आला होता. माल नऊ मण, उत्तम. त्या दिवसाचा भाव बेचाळीस. उपरण्याखाली मी त्याचा हात हातात घेतला. गार पडलेला, खरखरीत, कष्टाचा हात. मला त्या माणसाबद्दल एकदम इतके प्रेम वाटले की चार बोटे धरायच्या जागी मी त्याचा सगळा पंजा घट्ट धरला. मग दोन बोटे दाबली.

त्याने माझ्याकडे पाहिले. पुन्हा हात पुढे केला, म्हणजे नीट सांग. मी पुन्हा आनंदाने पंजा धरला, पुन्हा दोन बोटे. हसलोसुद्धा. त्याने मान हलवली आणि माल काट्यावर गेला.

दुपारी तो पैसे घ्यायला आडतीत आला. शेठने नऊ मणाचे बेचाळीसने तीनशे अठ्ठ्याहत्तर मोजून ठेवले होते. म्हाताऱ्याने नोटांना हात लावला नाही. पाच बोटे वर केली, मग दोन.

"बावन्न? बाजार बेचाळीसचा शे, बाबा!" शेठ म्हणाला.

"मी दोनदा विचारलं," म्हातारा तुटक मराठीत म्हणाला. "मुनीमनं दोनदा सांगितलं."

शेठने मला बाजूला घेतले. "कोननी देखं? तू बेचाळीस सांग, मी बेचाळीस सांगस. एकना विरुद्ध दोन."

मग त्याने माझे तोंड हुंगले आणि त्याचा चेहरा उजळला. तो म्हाताऱ्याकडे वळला आणि आवाज खाली आणून, कारण दारूबंदीचे दिवस होते, म्हणाला, "बाबा, हाऊ पियेल शे. पियेल माणूसना हात कोन धरस?"

मी दारूला जन्मात शिवलो नव्हतो. "ते औषध आहे," मी म्हणालो, "ब्राह्मी, शंखपुष्पी..."

"मोहाच्या फुलांची दारू आहे," म्हातारा शांतपणे म्हणाला. "सकाळीच वास आला. गूळ जास्त टाकलाय, पण मोह आमचाच. आमच्यात सोयरीक ठरते तेव्हा हीच लागते. ही पिऊन दिलेला शब्द मोडत नाही. न पिता दिलेला मोडतो कधी कधी."

दोघे माझ्याकडे पाहू लागले. पाच चमच्यांची ऊब एव्हाना उतरली होती आणि नव्वद रुपयांचा आकडा मला अगदी स्वच्छ दिसत होता. माझा महिन्याचा पगार, वर पाच रुपये. शिवाय पथारीवरची जागा. बेचाळीस म्हटले असते तर दोन्ही वाचत होते.

"हात माझाच होता," मी म्हणालो. "बावन्न."

घरी येऊन पत्नीला सगळे सांगितले. ती उठली. बाटली उजेडात धरली, खुणा मोजल्या आणि म्हणाली, "नव्वद रुपयामा ते घोडी येती."

शेठने मला दुसऱ्याच दिवशी गोदामात बसवले. पुढच्या बाजाराला धडगावकडच्या सात गाड्या आल्या आणि उभ्याच राहिल्या. आम्ही त्याच मुनीमला हात देऊ, असे त्यांनी सांगितले. बावन्नवाला मुनीम म्हणून माझी कीर्ती घाट चढून गेली होती. शेठने मला गोदामातून आणवले. मी एकही चमचा घेतलेला नव्हता. एकेकाचा हात धरला आणि त्या दिवसाचा भाव दाबला, त्रेचाळीस. सातही जणांचे चेहरे पडले, पण इतक्या लांबून आणलेला माल कोणी परत नेला नाही. शेठने सात गाड्या पाहिल्या, माझा चेहरा पाहिला आणि म्हणाला, "गोदाम राहू दे. हाऊच हात बरा शे. स्वस्त पडस."

माझी उदासी गेली की नाही, हे मला आजही आकड्यात सांगता येत नाही. पावसाळ्यात कधीतरी वहीतला रकाना भरायचा राहून गेला, एवढे खरे.

उरलेली बाटली, खूण एकोणीसपर्यंत भरलेली, मेहुण्याने घोडीसाठी नेली. हिशेब असा झाला: वैद्याला साडेसात रुपये, धडगावच्या शेतकऱ्याला त्याच दिवशी चारशे अडुसष्ट, आणि शेठला माझ्या पगारातून दरमहा दहाप्रमाणे नव्वद, शेवटचे दहा ऑक्टोबर १९६० च्या पगारात कापून.