दीड वाजताचा फोन

साताऱ्याचं रेल्वे स्टेशन गावाबाहेर, माहुलीला आहे. गाडी पाऊण तास उशिरा आली, त्यामुळे निरोपाचं सगळं बोलून संपलं तरी आम्ही तिघे फलाटावर उभेच होतो. बाबा वजनकाट्यावर चढून उतरले आणि काटा चुकीचा आहे म्हणाले. आईने माझ्या पिशवीतली लोणच्याची बरणी काढली, झाकण तपासलं आणि परत ठेवली. मी म्हैसूरला एका इंग्रजी दैनिकाच्या पुरवण्यांच्या डेस्कवर उपसंपादक म्हणून चालले होते. त्याआधी दोन वर्षं पुण्यात काढली होती; पण पुण्याहून शनिवारी एसटी धरली की जेवायला घरी पोचता येत असे, म्हणून आमच्याकडे त्याला कुणी घर सोडणं म्हणत नव्हतं. गाडी दिसायला लागली तेव्हा आई म्हणाली, "मनात काही आलं तर आत ठेवत बसू नकोस. मला सांग. मोकळेपणी बोल. तिथं कुणाला कळतंय?"

ते मी पुढचे सात महिने पाळलं.

आमचं कार्यालय लहान होतं. पुरवण्यांचं काम दिवसा चाले. दुपारी बाकीचे जेवायला समोरच्या हॉटेलात जात. डबा आणणारे दोघंच: मी आणि माझ्या समोरच्या टेबलावरचे मुद्रितशोधक के. एस. राव. वय पन्नाशीच्या आसपास. इतरांशी ते कानडीत बोलत, माझ्याशी इंग्रजीत, तेही कामापुरतं. म्हैसुरात राव पुष्कळ. आद्याक्षरांमागे काय आहे हे विचारायची तिथे पद्धत नाही, आणि मला गरजही वाटली नाही. मोबाइलवर येणारे फोन नुकतेच फुकट झाले होते. रोज दुपारी दीड वाजता आई घरच्या फोनवरून मोबाइल लावायची आणि मी डबा खात पंधरा-वीस मिनिटं बोलायची.

मी काय बोलत असे ते इथे द्यायला हवं. ते गाळलं तर ही अर्धी बातमी होईल.

पहिल्या महिन्यात मी म्हणाले, "समोरचा म्हातारा ओळीखाली पट्टी धरून वाचतो, पहिलीतल्या पोरासारखा. एका पानाला तास." पुढे केव्हातरी, "डब्यात रोज नाचणीचा गोळा. चावत नाही ग, गिळतो. अजगर बघ." थंडीत खिडक्या बंद असायच्या. तेव्हा म्हणाले, "त्याच्या अंगाला तेलाचा वास येतो, बाळंतिणीच्या खोलीसारखा. बायको जवळ कशी बसत असेल कुणास ठाऊक." ही तीन वाक्यं मला शब्दशः आठवतात. आणखीही होती. ती बोलताना मी राव यांच्याकडे बघत असे आणि आवाज खाली आणत नसे. ते मान खाली घालून जेवत.

आठव्या महिन्यात एका शनिवारी फोन संपल्यावर राव उठले, माझ्या टेबलापाशी आले आणि मराठीत म्हणाले, "मॅडम, आमच्या आईला तुम्हाला बघायचं हाय. उद्या मोकळ्या असाल तर."

त्यांची मराठी माझ्या ओळखीची नव्हती. शब्द आमचेच होते, चाल कानडी होती. मला पहिल्यांदा काय सुचलं असेल, तर ते वाक्य दुरुस्त करावं असं. हातातल्या मुद्रिताकडे बघत ते पुढे म्हणाले, "घरी आईशी मी हेच बोलतो. पहिल्या दिवशीच सांगायला पाहिजे होतं. नाहीतर उठून जायला पाहिजे होतं. तुमच्या घरचं बोलणं मी ऐकत बसलो. चुकलं माझं."

त्या क्षणी मी काय करायला हवं होतं याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "असू दे, होतं असं."

माफी मला मागायची होती. मी ती त्यांना देऊन टाकली. त्यांनी मान हलवली, पत्ता लिहिलेला कागद ठेवला आणि जागेवर गेले.

राव यांचं घर विजयनगर या नव्या वस्तीत, तिच्या सेकंड स्टेजमध्ये, म्हणजे दुसऱ्या टप्प्यात. नाव कृष्णोजी राव. पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते. किती पिढ्या झाल्या यावर घरात एकमत नाही, पण मूळ साताऱ्याकडचं यावर आहे. पूर्वी हे कुटुंब म्हैसूरच्याच जुन्या भागात राहत असे. त्या गल्लीत आठ-दहा घरं मराठी होती, आणि राव यांच्या आईचा दिवस या ओट्यावरून त्या ओट्यावर जात असे. मग जागा विकली, विजयनगरला घर बांधलं. तिथे आजूबाजूला मराठी कुणी नव्हतं. सुना-नातवंडं समजून घेत, उत्तर कानडीत देत. त्यातच आजींचे गुडघे गेले. दर्शनी खोलीत त्यांचा पलंग होता. दारातून आत पाऊल टाकलं आणि मला तो वास आला. राव रोज सकाळी कार्यालयात येण्याआधी त्यांच्या पायांना तेल चोळत असत.

आजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आलीस की. बस. फोटोत नाही बघितलं, पण अशीच असशील म्हटलं होतं मी." आणि लगेच, "लोणच्याला बुरशी आल्ती ते आईनं टाकलं का वरचं वरचं काढून ठेवलं?"

ती बुरशी मंगळवारच्या फोनमधली होती. त्यानंतर त्यांनी बाबांचा गुडघा विचारला. गच्चीवरून गळणारं पाणी थांबलं का विचारलं. माझा भाऊ डिप्लोमाला ड्रॉइंगमध्ये नापास झाला होता, त्याच्याबद्दल म्हणाल्या, "त्याला रागावू नका म्हणावं. हा पण एकदा राहिला होता." हा म्हणजे राव. संध्याकाळी ते घरी आले की कॉफी पिताना आजी विचारत, आज साताऱ्यात काय झालं? आणि राव सांगत. सात महिने एक बाई विजयनगरच्या पलंगावरून आमच्या घरात राहत होती.

"आणि ह्याचं कौतुक करतीस म्हणे घरी," आजी म्हणाल्या. "हळू वाचतो पण चूक सोडत नाही, असं आईला सांगतीस म्हणे. हौदा?" शेवटचा शब्द कानडी, खरं ना, असा त्याचा अर्थ.

राव खिडकीपाशी उभे होते. त्यांच्या पत्नी कॉफीचे पेले घेऊन आल्या होत्या आणि माझ्याकडे हसून बघत होत्या. मी म्हणाले, "हो."

डेस्कवर आम्हाला शिकवलं होतं की पानातून ओळ कापली तर तेवढी जागा भरून काढावी लागते. राव यांनी रोज माझ्या ओळी कापल्या होत्या आणि जागा भरली होती. इतकं स्वच्छ संपादन मी माझ्या कोणत्याही वरिष्ठाकडून पाहिलेलं नाही.

सोमवारी दीड वाजता मी एक चूक केली. माझ्या मते ती भरपाई होती. फोनवर मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "आई, राव सर किती बारकाईने वाचतात ग. आमचं पान त्यांच्यामुळे शुद्ध असतं." आईला काही उमगेना. ती म्हणाली, "कोण, तो अजगर?" फोनचा आवाज मोठा होता. राव यांनी अर्धा डबा बंद केला आणि ते बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी फोन वाजायच्या आधीच डबा उचलून जिन्यात गेले. तिसऱ्या दिवशीही. जिन्यात बसायला जागा नाही. ते उभ्याने जेवत. परत आल्यावर काम पूर्वीसारखंच: पट्टी, पेन्सिल, कामापुरतं इंग्रजी. मला अडवता आलं असतं. मी कार्यालयात कमी वेळ फोन घ्यायला लागले, एवढंच केलं.

तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या पत्नीचा मला फोन आला. संकोचून, अडखळत्या मराठीत त्यांनी विचारलं, साताऱ्याला सगळं ठीक आहे ना? राव घरी काही सांगत नव्हते. विचारलं की म्हणत, आज मला कळलं नाही. आजींनी त्यातून अर्थ काढला होता की माझ्या वडिलांचं काही बरंवाईट झालं आहे आणि मुलगा लपवतो आहे. दोन दिवस त्यांचं जेवण नीट नव्हतं.

मी रविवारी गेले. या वेळी कुणी बोलावलं नव्हतं. आजी उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी माझ्या कपाळाकडे, हातांकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबा?"

बाबा बरे आहेत, मी सांगितलं. रोज फिरायला जातात. त्यांनी डोळे मिटले, थोड्या वेळाने उघडले. मग रागावल्या. "मग हा सुम्ने गप्प का बसतोय?" उगाच का, असं त्या विचारत होत्या.

राव दारात उभे होते. त्यांच्याकडून खरं उत्तर येणार नाही, हे मला माहीत होतं. पुन्हा एखादी ओळ रचून ते जागा भरतील, हेही माहीत होतं. तेव्हा मी सांगितलं. पट्टीचं वाक्य, अजगराचं वाक्य. तेलाचं वाक्य निम्म्यावर आलं तेव्हा राव म्हणाले, "साकु, मॅडम." पुरे. मी ते पूर्ण केलं. त्यांच्या पत्नी स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्या आत गेल्या. मी आजींना म्हणाले की माझं चुकलं.

आजी मुलाकडे वळल्या. "हे ऐकून तू रोज घरी येऊन हसत बोलायचास?"

मग आजींनी मला विचारलं, "आणि तुझी आई? ती काय म्हणायची ह्याच्यावर?"

हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला नव्हता. "हसायची," मी म्हणाले.

"लाव तिला."

मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. समोरच्या खुर्चीत बसून मी दुसऱ्याच्या फोनचं एका बाजूचं बोलणं ऐकत राहिले. उठून गेले नाही. "मी कृष्णोजीची आई. म्हैसूरहून. तुमची लेक इथं बसलीये. चांगली आहे, थोडी वाळलीये." मग म्हणाल्या, "तो वास माझ्या पायाच्या तेलाचा, बरं का. रोज सकाळी लावतो. साबणानं धुतो, पण जात नाही. तेवढंच सांगायचं होतं."

आईने फोन बंद केला नाही. मग आईने काहीतरी विचारलं असावं, कारण आजी सांगू लागल्या: तिळाचं तेल, त्यात लसूण, ओवा, मंद आचेवर. गुडघ्याला वरून खाली चोळायचं. नंतर वारा लागू द्यायचा नाही.

त्या संध्याकाळी आईचा मला वेगळा फोन आला. नेहमीसारखं काय जेवलीस हे तिने विचारलं नाही. म्हणाली, "त्यांना कळत नसतं, तरी ते वाईटच होतं ना? मी हसायला नको होतं." आणि ठेवून दिला.

राव सोमवारी आपल्या टेबलावर जेवले. मी डबा घेऊन जिन्यात गेले. आठवड्याने त्यांनीच शिपायाकडून निरोप पाठवला, की मॅडमना आत बसायला सांग, जिन्यात वारा असतो. साताऱ्याची बातमी पोचवायला आता आमची दोघांचीही गरज नव्हती. दर गुरुवारी आई आणि आजी थेट बोलत. माझ्या भावाचं लग्न ठरल्याचं मला आजींकडून कळलं. चार वर्षांनी आजी गेल्या. आई-बाबा तेव्हा पहिल्यांदा म्हैसूरला आले. आई राव यांच्यासमोर हात जोडून उभी राहिली आणि तिने माझ्यादेखत सांगितलं, "माझ्या हसण्याची क्षमा करा." मी तिच्या शेजारी उभी होते. तेव्हाही बोलले नाही.

माझ्याबरोबर घर सोडलेल्या मैत्रिणी लिहितात की परक्या गावात मनातलं बोलायला माणूस नसतं, म्हणून घर आठवतं. मलाही सुट्टीत साताऱ्याला गेलं की बरं वाटतं. पण शेजारच्या कुणाबद्दल गंमत सांगायची वेळ आली की मी थांबते आणि बाहेर बघते. आई म्हणते, तू आपल्याच घरात पाहुण्यासारखी वागतेस. ती म्हणते ते बरोबर आहे. जिथे काहीही बोललं तरी चालतं ते घर, अशी माझी समजूत होती. तसं घर मला आता कुठेच नाही, आणि असू नये असंही वाटतं.

राव निवृत्त झाले. मी विजयनगरलाच राहते, त्यांच्यापासून दोन रस्ते पलीकडे. सणाला जाते, कधी आईने पाठवलेलं काही द्यायला जाते. आजींपाशी मी चूक कबूल केली, पुढे आईपाशीही केली, आता इथे लिहून केली. ज्यांच्यापाशी करायची त्यांच्यापाशी, त्यांच्याकडे बघून, अजून केलेली नाही. दर वेळी ठरवून जाते. त्या घरात त्यांच्या पत्नी मला अगं म्हणतात, मुलं अक्का म्हणतात. राव दार उघडतात, बाजूला होतात आणि म्हणतात, "या, मॅडम."